फ्रीज आला, पण त्याची निगा?

आमच्या बौद्धवाडीत पहिला फ्रीज आला तो १९९४ साली, आणि तो आला आमच्या घरी. गोदरेज ही फ्रीज बनविणारी पहिली भारतीय कंपनी ठरली १९५८ साली. तेथून श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या वाडीपर्यंत पोहोचायला फ्रीजला ३६ वर्षे लागली. मुंबईला गोदीत कामाला असलेल्या आमच्या थोरल्या बंधूंनी तो एकाकडून जुना विकत घेतला आणि टेम्पोत आडवा घालून पाठविला. संध्याकाळी टेम्पो आला तेव्हा सगळी वाडी गोळा झाली होती. आम्ही तो बाहेरच्या खोलीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा भिंतीला चिकटवून ठेवला. आमच्या सौभाग्यवतींनी त्याच्यावर विणलेला रुमाल अंथरला, वर फुलदाणी ठेवली. त्या रात्री घरोघरी बर्फाचे खडे वाटले.

आम्ही एसटीच्या डेपोत मेकॅनिक. गाडीचे ऑइल, ब्रेक, पट्टे रोज तपासणार. पण घरातल्या या यंत्राच्या पाठीमागे आम्ही कितीतरी वर्षे डोकावूनसुद्धा पाहिले नाही. कारण आम्हांला ते यंत्र वाटलेच नाही. थंड कपाट वाटले. आमच्या सगळ्या चुका या एका गैरसमजातून झाल्या. आज वाडीत घरोघर फ्रीज आहे, म्हणून त्या चुका वाचक बंधू-भगिनींपुढे मांडतो.

पहिली चूक पहिल्याच संध्याकाळची. आडवा आणलेला फ्रीज उभा करून आम्ही लगेच बटण दाबले. फ्रीजच्या तळाशी कॉम्प्रेसर असतो, त्यात ऑइल असते. फ्रीज आडवा झाला की ते नळ्यांत उतरते. म्हणून उभा केल्यावर काही तास, जमल्यास रात्रभर थांबूनच तो चालू करावा. आमचे नशीब म्हणून निभावले. दुसरी चूक जागेची. फ्रीज थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता ओढून पाठीमागच्या जाळीतून बाहेर टाकतो. जाळी भिंतीला चिकटली, तिच्यावर धूळ बसली किंवा शेजारी चूल असली, तर ती उष्णता जाणार कोठे? मग कॉम्प्रेसर धापा टाकत राहतो आणि बिल वाढते. मागे वीतभर नाही तरी चार-पाच बोटे जागा सोडावी. दोन-तीन महिन्यांनी पिन काढून ब्रशने जाळी झाडावी. आपल्या किनाऱ्यावर खारी हवा पत्रा खाते. म्हणून समुद्राकडच्या खिडकीपाशी फ्रीज ठेवू नये आणि पायाचा पत्रा कोरड्या फडक्याने पुसत जावा.

तिसऱ्या चुकीची आठवण झाली की आजही अंगावर काटा येतो. फ्रीजला हात लावला की कधीकधी हाताला झिणझिण्या येत. आम्ही हसून म्हणायचो, "फ्रीज चावतो." एका पावसाळ्यात आमची धाकटी मुलगी शाळेतून भिजून आली आणि ओल्या पायांनी पाण्याची बाटली घ्यायला गेली. ती किंचाळून मागे फेकली गेली. पोर वाचली, हाताला फक्त सूज आली. वायरमनने पाहिले तर घराला अर्थिंगच नव्हते, आणि तीन पिनांच्या प्लगची जाडी पिन आम्ही स्वतःच काढून टाकली होती, कारण बोर्डाला दोनच भोके होती! ती जाडी पिन शोभेची नसते. पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत नेणारी ती वाट आहे. झिणझिण्या आल्या की त्या दिवशी फ्रीज बंद करावा आणि जाणत्या माणसाला दाखवावा. घराच्या मेन बोर्डावर गळतीचा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच बसवून घ्यावा. तीस मिलिअँपियरचा मागावा. त्याचा खर्च एका सणाच्या कपड्यांहून जास्त नाही.

आता अन्नाविषयी. फ्रीजमध्ये ठेवले म्हणजे टिकले, असे आम्ही धरून चाललो. एका बुद्धपौर्णिमेला विहारातली उरलेली खीर आम्ही मोठ्या टोपासकट गरम गरम फ्रीजमध्ये ढकलली. सकाळी वरून थंड, मधून कोमट आणि चवीला आंबूस! पोरांची पोटे दोन दिवस बिघडली. थंडीने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त मंदावते. साधारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान ते भराभर वाढतात. म्हणून फ्रीजच्या आत ४-५ अंश हवेत आणि शिजलेले अन्न दोन तासांच्या आत आत गेले पाहिजे. मोठा टोप असेल तर पसरट भांड्यांत वाटून, वाफ जिरवून, झाकण घालून ठेवावे. कच्चे मटण-मासळी नेहमी खालच्या खणात, झाकलेल्या भांड्यात ठेवावी, म्हणजे तिचे पाणी शिजलेल्या अन्नावर ठिबकणार नाही.

मासळीची एक गोष्ट किनाऱ्यावरच्या प्रत्येक घराने ध्यानात ठेवावी. बांगडा, तारली, कुपा हे मासे उन्हात किंवा बर्फाविना काही तास राहिले की त्यांत हिस्टामिन नावाचे द्रव्य तयार होते. ते नंतर फ्रीजमध्ये ठेवून जात नाही, कितीही तळले-उकळले तरी जात नाही आणि मासळीला वास येईलच असेही नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होते, अंगावर पित्त उठते, डोके दुखते, छाती धडधडते. म्हणून जीवना बंदरावरून बांगडा घेतला तर तो बर्फासकट घरी आणावा. गप्पा मारत दुपार करू नये.

आईच्या इन्सुलिनने आम्हांला मोठा धडा दिला. आईला साखरेचा आजार. २०१९ च्या उन्हाळ्यात रोज टोचूनही तिची साखर उतरेना. आम्ही आईलाच बोललो, "चोरून गोड खातेस काय?" ती बिचारी गप्प बसली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, "बाटली फ्रीजमध्ये कोठे ठेवता?" आम्ही अभिमानाने सांगितले, "बर्फाच्या खणाला टेकवून, एकदम थंडगार." तेव्हा त्या म्हणाल्या, गोठलेले इन्सुलिन पुन्हा पातळ झाले तरी ते टाकून द्यायचे. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत, खालच्या खणात ठेवायची. आईने गोड खाल्ले नव्हते. आमच्या अडाणीपणाने तिचे औषध मारले होते. त्या रात्री आम्ही आईपाशी बसून चूक कबूल केली. ती एवढेच म्हणाली, "आता तरी बग कुटं ठेवतोस ते."

आणि मग ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा. नारळ, रोठा सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, कौले उडाली, विजेचे खांब मोडून पडले. आमच्या वाडीत २३ दिवस वीज नव्हती. पावसाळ्याची बेगमी म्हणून घरोघर फ्रीज मासळीने भरलेले. त्यात टाळेबंदी, हाताला काम नाही. टाकायचे कोणाच्या जिवावर येत नव्हते.

वीज गेल्यावर दार उघडले नाही तर फ्रीजमधले अन्न साधारण चार तास सुरक्षित राहते. पूर्ण भरलेला मोठा फ्रीझर दार बंद ठेवल्यास ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास थंडी धरतो. पण आमच्यासारख्या एकदारी फ्रीजच्या लहानशा बर्फाच्या खणाचा इतका भरवसा नाही. आम्ही त्याच संध्याकाळी मासळी बाहेर काढली. जेवढी ताजी होती तेवढी शिजवून शेजारपाजारच्या पाच घरांनी मिळून खाल्ली. बाकीची दुसऱ्या दिवशी खड्डा करून पुरली. एका घराने तिसऱ्या दिवशी वास घेऊन "चांगली आहे" म्हणून खाल्ली आणि चार माणसे आडवी झाली. रस्ते झाडांनी अडलेले. दवाखान्यात न्यायचे कसे? सुदैवाने मीठ-साखरेच्या पाण्यावर सारी बरी झाली.

आईच्या इन्सुलिनचे काय, हा खरा घोर होता. डॉक्टरीणबाईंनी आधी सांगून ठेवले होते की उघडलेली बाटली सावलीच्या गार जागेत साधारण चार आठवडे चालते. नक्की मुदत बाटलीबरोबरच्या कागदावर असते. आम्ही मोठ्या मडक्यात ओली वाळू भरली, तिच्यात लहान मडके बसविले आणि बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आत ठेवली. वरून ओले फडके. कोकणातल्या दमट हवेत मडके घाटावरच्याइतके गार होत नाही. पण काहिलीपासून औषध वाचले. रोज बाटली उजेडात धरून रंग बदलला काय, गुठळ्या झाल्या काय, ते पाहिले. २३ दिवस आईचे एकही इंजेक्शन चुकले नाही. आई पुढे आणखी दोन वर्षे आमच्यात होती.

वीज परत आली त्या दिवशी वाडीत टाळ्या वाजल्या, आणि तासाभरात दोन घरांचे फ्रीज जळाले. वीज येते-जाते तेव्हा दाब खाली-वर होतो. कमी दाबात कॉम्प्रेसर नुसता घुरघुरतो आणि तापतो. म्हणून वीज गेली की फ्रीजची पिन काढावी, आल्यावर पाच-दहा मिनिटे थांबून लावावी. जेथे दाब स्थिर नाही तेथे स्टॅबिलायझर बसवावा. २२ जुलै २०२१ रोजी महाडला पूर आला तेव्हा आमच्या मेहुण्यांच्या घरात छातीभर पाणी होते. पाण्यात बुडालेला फ्रीज नुसता वाळवून चालू करू नये, मेकॅनिकला दाखविल्याशिवाय पिनच लावू नये, हे आम्ही त्यांना फोनवर आधी सांगितले.

राहिली रोजची निगा. दाराच्या रबरात कागदाचा तुकडा धरून दार लावावे. कागद सहज निसटला तर थंडी बाहेर जाते आहे. रबर साबणाच्या कोमट पाण्याने पुसावे, फाटले असल्यास बदलावे. बर्फाचा थर पाव इंच झाला की डिफ्रॉस्टचे बटण दाबावे. सुरीने बर्फ खरवडू नये. पूर्वीच्या फ्रीजमधला गॅस ओझोनच्या थराला घातक होता. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो हळूहळू बंद झाला. हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आयसोब्युटेन असतो. तो ओझोनला त्रास देत नाही, पण पेट घेतो. सुरीने नळी फुटली तर नुकसान आणि धोका दोन्ही. तसे झाले तर खिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण दाबू नये, काडी पेटवू नये. नवा फ्रीज घेताना २००६ पासून सुरू झालेल्या ताऱ्यांच्या लेबलावर वर्षाला किती युनिट लागतात ते वाचावे. दुकानदाराचे ऐकण्याआधी तो आकडा आपल्या बिलातल्या दराने गुणून पाहावा.

आमचा तो १९९४ चा फ्रीज आम्ही वादळानंतर मोडीत काढला. भंगारवाला येईपर्यंत तो अंगणात उभा होता आणि वाडीतली पोरे लपाछपी खेळत होती. जुन्या फ्रीजमध्ये लपलेले मूल आत गुदमरते, त्याचा आवाजही बाहेर येत नाही. म्हणून आम्ही आधी पाना घेतला आणि त्याचे दार काढून वेगळे केले. पोरांनी त्या उघड्या खोक्यात दोन दिवस दुकान मांडले, मग भंगारवाला आला.