चागोसचे ऋण

आपल्या मॉरिशसच्या ईशान्येस, सुमारे २,००० किलोमीटरांवर, चागोसचा द्वीपसमूह आहे. चिमुकली प्रवाळबेटे ती. दिएगो गार्सिया त्यांत सर्वांत मोठे. तेथे नारळाच्या बागा होत्या. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे वंशज आणि काही करारबद्ध भारतीय मजूर तेथे खोबरे काढीत, संसार करीत.

स्वातंत्र्यापूर्वी, १९६५ साली, ब्रिटनने ही बेटे मॉरिशसपासून तोडली व ३० लाख पौंड मोबदला ठरविला. पुढे अमेरिकी लष्करी तळासाठी १९७३ पर्यंत तेथील सर्व रहिवाशांना हलवून मॉरिशस व सेशेल्समध्ये आणून सोडले. २०१९ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिले की, मॉरिशसची वसाहतमुक्ती कायदेशीररीत्या पूर्ण झालेली नाही. मे २०२५ मध्ये उभय देशांच्या करारावर सह्या झाल्या. त्यात मॉरिशसचे सार्वभौमत्व मान्य करून दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षे राखण्याची तरतूद केली गेली.

भूगोल शिकविताना एवढे सांगून माझे समाधान होत नाही. आपले पणजे गिरमिटावर आले, त्यांनी अपार कष्ट सोसले. परंतु येथे रुजल्यावर त्यांना कोणी उपटले नाही. म्हणूनच आज आपली देवळे आहेत, भाषा आहे. चागोसवासीयांच्या वाडवडिलांची थडगी मात्र त्या बेटांवरच राहिली. आपल्या स्वातंत्र्याचे मोल त्यांच्या घरादारांनी चुकविले. दर १२ मार्चला ध्वजवंदन करताना हे ऋण आपण आपल्या मुलांना सांगावे, एवढीच माझी विनंती आहे.