कॉफीआधीचा अर्धा तास

सकाळी सहा वाजता कॉफी अर्धा तास थांबवायची, ही मागणी बेंगळुरूत लहान नाही. मल्लेश्वरममधल्या घराघरांत त्या वेळी फिल्टरमधून डिकॉक्शन उतरत असतं. पण घरच्या घरी बीपी मोजायचं तर पथ्य पाळायलाच हवं: आधी अर्धा तास कॉफी, चहा, सिगारेट काही नाही. लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसायचं. पट्टा उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीला. आणि मोजताना बोलायचं नाही, कारण बोलण्यानं आकडा चढतो.

मिनिटभराच्या अंतरानं दोनदा, सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, असं आठवडाभर. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी. दवाखान्यात १४०/९० ही सीमा मानतात, घरी १३५/८५. डॉक्टरांसमोर अनेकांचं बीपी वाढतं. काहींचं उलट: तिथे व्यवस्थित, घरी जास्त. ही दुसरी माणसं वहीतल्या नोंदींशिवाय सापडणं कठीण, म्हणून ती वही जपून ठेवावी आणि नावडते आकडेही तिच्यात लिहावेत.

दंडाचा पट्टा रीव्हा-रोच्ची यांनी १८९६ साली इटलीत आणला, सायकलची ट्यूब वापरून. मोजता येऊ लागलं, पण उतरवायचं कशानं?

उत्तर मुंबईतून आलं. केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील सर्पगंधेच्या मुळीच्या गोळ्या रुग्णांना देत होते. आयुर्वेदाला ती जुनीच ओळखीची. बिहारात तर तिला ‘पागल की दवा’ म्हणत. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ सालीच रक्तदाबावरचा तिचा गुण नोंदवला होता, पण जगाचं लक्ष गेलं नव्हतं. १९३४ साली हिमालया कंपनीनं ‘सर्पिना’ ही गोळी काढली. पुढे ही कंपनी बेंगळुरूजवळच्या माकळीत आली. वकिलांनी ५० रुग्णांच्या नोंदी मांडल्या, १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्या छापून आल्या, आणि पाश्चात्त्य डॉक्टर मुळीकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं गेलं.

या औषधानं काही रुग्ण खोल उदास होऊ लागले. त्या उदासीचा माग काढताना मेंदूतली रसायनं आणि मन यांचं नातं शास्त्रज्ञांना दिसू लागलं. १९५७ साली वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला तो रक्तदाबावरच्या कामासाठी. त्याच वर्षी अमेरिकेतल्या नेथन क्लाइन यांनाही तो मिळाला, याच मुळीचा मनोविकारांवर उपयोग दाखवल्याबद्दल.