भाच्याचे जुने विमान

टेक्सासहून भाच्याचा फोन आला, "खाला, विमान घेतोय. जुनं. अम्मीला तुम्हीच सांगा." ऐकताच आपा मुसल्ल्यावर जाऊन बसल्या. आमच्या उमरग्यात पोरगा हायवेवर मोटारसायकल काढतो तेव्हाही आई दुआ मागते. इथे तर विमान, आणि परवाना नवाकोरा!

नवे विमान परवडण्यासारखे नाही. तिकडे चाळीस-पन्नास वर्षांची विमाने आजही उडतात. त्याच्यापुढे दोन होती. एक सेस्ना १७२, चार आसनांचे, चकचकीत. पण त्याचे एक जुने लॉगबुक गहाळ. दुसरे सेस्ना १५२, दोनच आसने, रंग उडालेला. हे विमान कंपनीने १९८५ मध्येच बनवायचे थांबवले. मात्र उड्डाणाच्या प्रत्येक तासाची, प्रत्येक दुरुस्तीची नोंद जागेवर. अशी इंजिने साधारण २००० तासांनी पूर्ण उघडावी लागतात आणि तो खर्च कंबरडे मोडणारा असतो. किती तास झाले, ते नोंदींशिवाय कळणार कसे?

शाळेचे जनरल रजिस्टर मीच सांभाळते, मला हे पटायला वेळ लागला नाही. म्हटले, "१५२ घे. पण तपासायला मेकॅनिक तुझा ने, विकणाऱ्याचा नको."

त्याने नेला. पंखांत गंज निघाला नाही.

आपांनी एवढेच विचारले, "दोनच खुर्च्या? मग दुसरीवर कोण बसणार?"

त्यांच्या पासपोर्टचा अर्ज सध्या मी भरते आहे.