लिस्बनमधील सोमवती

कुटुंबासह परदेशी राहावयास जाणे ही आता गोमंतकात नवलाची गोष्ट उरलेली नाही. आमच्या वाड्यावरील बहुतेक घरांतून कोणी ना कोणी आखातात, इंग्लंडात वा पोर्तुगालात आहे. ही मंडळी सुटीवर आली की पगाराच्या, भाड्याच्या आणि थंडीच्या गोष्टी सांगतात. घरचे देव तेथे कोठे मांडले, हे मात्र सहसा सांगत नाहीत. आम्हांस पहिल्या दहा दिवसांत त्या एका प्रश्नाने जेवढे व्यापले, तेवढे थंडीनेही व्यापले नाही.

नोकरीच्या निमित्ताने दोन वर्षे लिस्बनला राहावयाचे ठरले. मुलांच्या शाळा ६ जानेवारीला उघडणार होत्या, तेव्हा नाताळच्या सुटीतच घर लावून घ्यावे अशा विचाराने आम्ही पाच माणसे २०२४ च्या १९ डिसेंबरला निघालो. त्या दिवशीची तिकिटे स्वस्त होती, एवढेच कारण. विमानतळावर आई म्हणाली, "बरोच दीस वेंचून काडलो!" गोवा मुक्तिदिनी गोवा सोडून पोर्तुगालची वाट धरावी, यातील विनोद तिच्यावाचून कोणाच्याच ध्यानात आला नव्हता.

आईचे वय अठ्ठ्याहत्तर. १९६१ साली ती पंधरा वर्षांची होती, आणि मराठी शाळेबरोबर पोर्तुगीज शाळेच्या चार इयत्ताही तिने पुऱ्या केल्या होत्या. तरी त्या भाषेतील एक वाक्यही आम्ही तिच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. प्रवासभर तिच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती आणि पिशवीतील तांब्याच्या डब्यात घरचे देव होते: गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, बाण आणि शंख. तपासणीच्या फिरत्या पट्ट्यावर ती पिशवी ठेवताना तिने डोळे मिटून घेतले.

लिस्बनची थंडी आकड्यांत सांगितली तर तिला कोणी थंडी म्हणणार नाही. पारा पाच अंशांखाली क्वचितच उतरतो. परंतु जुन्या घरांतून ऊब राखण्याची सोय नसते, भिंती ओल धरतात आणि डिसेंबर हा तेथे पावसाचा महिना. धुतलेला सदरा तीन दिवस वाळत नाही. बाहेरून घरात आल्यावर आम्ही कोट काढण्याऐवजी दुसरा कोट चढवीत असू. विजेची शेगडी आणि हीटर एकदम लावला की घरभर अंधार. म्हणून भात शिजेपर्यंत सर्वांनी कुडकुडावे आणि जेवण झाल्यावर ऊब घ्यावी, असा नियमच होऊन गेला.

मुलांना मात्र पहिल्याच दिवसापासून एक खेळ सापडला. घर दाखविणाऱ्या माणसाने किल्ली हाती देताना जो शब्द उच्चारला तो आमच्या 'चावी'चाच सख्खा भाऊ. दुकानात बटाटा हा बटाटाच, कोबी हा जवळजवळ कोबीच, पाव तर पावच. बादली, मेज, अननस, फीत. धाकटी रोज संध्याकाळी नवी नावे वहीत उतरवी. घरी आम्ही खिडकीला 'जनेल' म्हणतो म्हणून मुंबईचे पाहुणे हसत. येथे सारा गाव जनेलच म्हणतो, याचा तिला केवढा आनंद! आई ती वही वाचून पाही, एखाद्या शब्दाचा उच्चार मनात जुळवी असेही वाटे. पण बोलत काही नसे.

दुसऱ्या दिवशी सौ.ने स्वयंपाकघरातील एक कोनाडा पुसून देवांसाठी मोकळा केला. आईने पिशवी उघडली नाही. "हांगा देव मांडूंक म्हज्यान जावचें ना," एवढेच ती म्हणाली.

या मासिकाच्या वाचकांना याचे कारण सांगावयास नको. तरी मुलांना ते सांगावे लागले. आमचे कुलदैवत श्रीमंगेश. त्याचे मूळ स्थान झुवारीकाठची कुशस्थळी, म्हणजे आजची कुठ्ठाळी. १५६० साली धर्मांतराच्या भयाने महाजनांनी ते लिंग नदीपार अंत्रुज महालात, प्रियोळ येथे आणले. तेव्हा तो मुलूख पोर्तुगीजांच्या अमलाबाहेर होता. ज्या राज्यापायी देवाने गाव सोडला, त्याच्याच राजधानीत आपण होऊन देव नेऊन बसवायचे, हे आईच्या मनाला पटेना. थोरल्याने इतिहासातील तर्क लढविला: अठराव्या शतकात अंत्रुजही त्यांच्याच ताब्यात गेला, तरी देव तेथेच राहिला ना? "तो राहिला. मी आणून ठेवीत नव्हते," आई म्हणाली. तर्काने सुटणारे हे प्रकरण नव्हे, हे आम्ही ओळखले. ती रोज सकाळी पिशवीलाच नमस्कार करी आणि मगच चहा घेई.

२४ डिसेंबरला दुपारपासून दुकाने बंद होऊ लागली. जिन्यातून उकडलेल्या खाऱ्या माशाचा आणि कोबीचा वास येत होता. आमच्या घरी डाळ, तांदूळ आणि गावाहून आणलेली सोलें. त्यांत रात्र भागणार होती. आठच्या सुमारास शेजारच्या वृद्ध बाईंनी दार वाजविले. हाती दालचिनीची पूड भुरभुरलेली तांदळाची घट्ट खीर. आम्ही हसून, मान हलवून आभार मानीत असता मागून आईचा आवाज आला, "तेंय ओवुश?" यात अंडे आहे काय? त्रेसष्ट वर्षांनी ती भाषा बाहेर पडली ती अशी!

अंडे नव्हते. बाईंच्या आईची पद्धत बिनअंड्याची होती म्हणे. मग दारातच दोघींचे बोलणे सुरू झाले. आईची वाक्ये तुटक, क्रियापदे बहुधा चुकीची. बाई धीराने ऐकत. शेवटी त्यांनी आम्हां सर्वांना आपल्या घरी नेले आणि शेवाळावर मांडलेला येशुजन्माचा देखावा दाखविला. त्यातला मातीचा जोसेफ एका हाताने थोटा होता. बाईंचा जन्म मोझांबिकमधील लोरेन्सु मार्किशचा, आजच्या मापुतोचा. १९७५ साली तो देश स्वतंत्र झाला तेव्हा विशीतल्या त्या, एक पेटी घेऊन या शहरात आल्या. त्या एक-दोन वर्षांत आफ्रिकेतून पाच लाखांवर माणसे अशी पोर्तुगालात परतली. परतली म्हणावयाचे, एरव्ही त्यांच्यापैकी कितीकांनी हा देश पूर्वी पाहिलाही नव्हता. पेटीत कपड्यांच्या घडीत हा जोसेफ होता. हात बोटीवर मोडला. आईने तो हातात घेऊन पाहिला व जागच्या जागी ठेवला. घरी आल्यावर ती या विषयावर काही बोलली नाही. आम्हीही विचारले नाही.

लुमियार भागात राधाकृष्णाचे मंदिर आहे, हे आम्हांला त्या बाईंनीच सांगितले. रविवारी तेथे गेलो. रस्त्याला महात्मा गांधींचे नाव. मंडळी बहुतेक गुजराती. त्यांतील पुष्कळ घराणीही मोझांबिकमार्गेच आलेली. आरती आपली नव्हती, पण टाळ्यांचा ठेका ओळखीचा होता. एका काकींनी आईला, कुंडीतली म्हणून, तुळशीची चार पाने रुमालात बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी, ३० डिसेंबरला, आई सर्वांआधी उठून बसली होती. "सोमवार आहे, सोमवती आहे. मंगेशाला आणखी कोणता मुहूर्त हवा?" सौ.ने भीत भीत म्हटले, अमावास्येला नवी मांडणी करावी काय? "उद्या पौष लागतो. मग महिनाभर तू थांबणार, की मी?" या उत्तरावर बोलण्यासारखे काही उरले नाही. अमावास्या तेथील घड्याळाने रात्री साडेदहाच्या सुमारास संपत होती, तेव्हा घाई नव्हती. तरी तिने स्नान पहाटेच उरकले.

पूर्व कोणती ते ठरविण्यासाठी सूर्य उगवण्याची वाट पाहावी लागली. तो उगवला आठला काही मिनिटे असताना, आणि कोनाड्यासमोर नव्हे, तर न्हाणीघराच्या जनेलातून. मग देव कोनाड्याऐवजी बैठकीच्या खोलीत पुस्तकांच्या फळीवर बसले. पाणी इतके गार होते की अभिषेकाआधी आईने ते कोमट करून घेतले. बेल नव्हता. बाणावर तुळस वाहात नाहीत, म्हणून ती चार पाने बाळकृष्णाला गेली. बाणाला नुसत्या अक्षता. कापूर लावताच छतावरील धूरसूचक यंत्र किंचाळू लागले. थोरला खुर्चीवर चढून त्यावर टॉवेल धरून उभा राहिला आणि आरती तशीच पुरी झाली. प्रसादाची वाटी घेऊन आई स्वतः शेजारी गेली.

शाळा उघडण्यापूर्वी मुलांना बेलेंचा मठ पाहावयाचा होता. तेथील चर्चमध्ये वास्को द गामाची कबर आहे. आई आमच्यासोबत आली, पण दारापाशी थांबली. "त्याला मी भेटायची नाही. तुम्ही या पाहून." मुलांनी आत जाऊन कबर पाहिली, दगडात कोरलेली जहाजे पाहिली. आम्ही बाहेर आलो तेव्हा आई समोरच्या बागेत, कबुतरांना पाव घालणाऱ्या एका म्हातारीशेजारी बाकावर बसली होती, आणि कोबीच्या भावावरून दोघींचे काहीतरी जोरात चालले होते.