नाण्यांचे दोन ढीग

आमच्या रिसोर्स रूममध्ये 'टक्समॅथ' हा कॉम्प्युटरवरचा खेळ आधी आला, कारण तो फुकट होता. वरून उल्का कोसळतात, प्रत्येकीवर गणित असतं. उत्तर टाइप केलं की पेंग्विन ती उडवतो. पाढे येणाऱ्यांची चंगळ. माझ्याकडची मुलं मात्र डिस्कॅल्क्युलियाची, म्हणजे अंकांशीच अडखळणारी. चौथीतल्या एका मुलीला आठ मोठे की पाच, हे बोटं मोजल्याशिवाय सांगता येत नसे. उल्का अर्ध्यावर आली की ती कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवायची.

'द नंबर रेस' मात्र अशाच मुलांसाठी बनलेला. ॲना विल्सन, स्तानिस्लास दहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006मध्ये त्याबद्दल लिहिलं. नाण्यांचे दोन ढीग दिसतात. जास्त कोणता ते ओळखायचं आणि पटावर तेवढी घरं पुढे जायचं. हळूहळू नाण्यांऐवजी नुसते अंक येतात, मग बेरजा-वजाबाक्या. घाई इथेही असते, पण खेळ मुलाचा वेग बघून ती कमी-जास्त करतो. चारांतली साधारण तीन उत्तरं बरोबर यावीत इतपतच तो अवघड होतो. वर्गात सतत चुकणाऱ्या पोरीला ही केवढी चैन! शिवाय चुकलं तर कॉम्प्युटर 'च्यक्' करत नाही. आम्ही शिक्षक करतो, कितीही प्रशिक्षणं घेतली तरी.

आमच्याकडच्या आवृत्तीत मराठी नव्हतं. आवाज बंद करून आकडे मीच म्हणायचे. पण त्या मुलीची दुसरी अडचण खेळात सुटणारी नव्हती. पंचवीस म्हटलं की ती 52 लिहायची. कानावर पाच आधी पडतो ना! बालभारतीनं 2019च्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' आणलं तेव्हा केवढी टिंगल झाली होती. मला मात्र ते हवंच होतं. आम्ही दोन्ही म्हणायचो, वीस पाच, पंचवीस.

"घरी मोबाइल, इथे कॉम्प्युटर, मग पाटी-पेन्सिल कधी?" तिच्या आईनं विचारलं. प्रश्न रास्तच होता. पडद्यावर झटकन ओळखणारी हीच मुलगी वहीत आठ आणि पाच दिसले की अडायची. म्हणून खेळ बंद केला की लगेच टेबलावर चिंचोक्यांचे दोन ढीग, शेजारी अंकांची कार्डं आणि मग वही, असा क्रम लावला. खेळ थोडाच वेळ, चिंचोके जास्त.

परवा तिनंच ढीग मांडले. एक मूठ इकडे, एक तिकडे.

"बाई, आता तुम्ही सांगा. बोटं नाही लावायची हं!"