बाळाची रात्र एकट्या आईची नाही

आमच्या मुरूडकडे बाळंतिणीला भेटायला आलेल्या बायका पहिल्यांदा विचारतात, "दूध पितो ना?" आणि लगेच दुसरा प्रश्न, "रातचा झोपतो ना?" नाही म्हटलं की उपाय सुरू होतात. मध चाटवा. घुटी द्या. वाडीतलं जायफळ उगाळून दोन वेढे द्या, सकाळपर्यंत उठणार नाही.

माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला घरी आली तेव्हा वीस दिवसांत हे सगळं ऐकून झालं. जावई कतारला. किनाऱ्यावरच्या कित्येक घरांत असंच असतं. बाळ इथे आणि बाप आखातात, नाहीतर जहाजावर.

सांगणाऱ्यांच्या मनात माया असते. पण नवजात बाळ रात्री उठतं, हा आजार नाही. त्याचं पोट लहान असतं, आईचं दूध लवकर पचतं, म्हणून दर दोन-तीन तासांनी भूक लागते. दिवस आणि रात्र यांतला फरकही त्याला अजून कळत नाही. झोपेचं हे घड्याळ शरीरात बसायला दोन-तीन महिने लागतात. त्याआधी त्याला रात्रभर गप्प झोपवायचं, तर गुंगीच द्यावी लागेल.

अशी गुंगी देण्याचा इतिहास आपल्याला नवा नाही. कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या बायका दिवसभर साच्यावर उभ्या असत. मागे बाळ शांत राहावं म्हणून त्याला 'बाळगोळी' दिली जाई. त्या गोळीत अफू असे. 1922 मध्ये 'लेबर गॅझेट'मध्ये डॉ. बार्न्स यांनी लिहिलं, की गिरणी कामगार बायकांच्या जवळपास सगळ्याच बाळांना अफू दिली जाते. त्या आयांना दोष कसा द्यायचा? बाळाला धरायला दुसरे हात नव्हते, म्हणून गोळी होती.

जायफळही जास्त झालं तर विषारी ठरतं, आणि इवल्या बाळाला किती म्हणजे जास्त, हे सहाणेवर मोजता येत नाही. मध तर एक वर्षाच्या आत देऊच नये. त्यातल्या जिवाणूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडणारा बोटुलिझम हा आजार होऊ शकतो. काही जण तहनीकचं कारण देतात. पण तहनीकच्या हदीसांत उल्लेख खजुराचा आहे. मधाचा आग्रह आपला.

मग आम्ही काय केलं? सकाळी बाळाला उजेडात आणायचं, दिवसा घरातले नेहमीचे आवाज चालू द्यायचे. रात्री मंद दिवा, बोलणं नाही, खेळवणं नाही. सपाट, घट्ट गादीवर उताणं झोपवायचं, उशी नाही. आजूबाजूला गोधड्यांचा ढीग नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे रात्र वाटून घेतली. मुलीने फक्त पाजायचं. ढेकर काढणं आणि लंगोट बदलणं नानीचं. फजरची नमाज झाली की बाळ माझ्याकडे, ओटीवर. तेवढ्यात मुलीला सलग दोन तास झोप मिळे. जावई पूर्वी दुपारी फोन करायचे, नेमका तिचा डोळा लागलेला असताना. आता ते तिथले साडेदहा वाजता, म्हणजे आपल्याकडे रात्री एक वाजता, पाजण्याच्या वेळी फोन करू लागले. तिच्याबरोबर कोणीतरी जागं आहे, एवढ्यानेही तिला धीर यायचा.

बाळ उठायचं तेवढंच उठत होतं. फरक पडला तो आईच्या चेहऱ्यावर.

सूरह बकराच्या 233व्या आयतीत दूध पाजण्याची मुदत सांगितली आहे. त्याच आयतीत आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर टाकली आहे. झोप ही अन्नाइतकीच गरज आहे, असं मी समजतो. बाळाच्या कानात अजान द्यायला आपण पुरुष पुढे असतो. मग रात्री दोन वाजता लंगोट बदलायला मागे का?

बाळ पाजायलाही उठत नसेल, फार सुस्त असेल किंवा अंग तापलेलं असेल, तर थांबू नका, डॉक्टरांकडे न्या. आई दोन आठवड्यांहून जास्त उदास असेल, बाळ झोपूनही तिला झोप येत नसेल, तर तिलाही न्या. आणि पुढच्या वेळी बाळंतिणीला भेटायला जाल, तेव्हा तिलाच विचारा, "तू झोपलीस का?" नाही म्हणाली, तर तासभर बाळ धरा.