गच्चीला आलेले दिवस

२०२० च्या मार्चपर्यंत पुण्यातल्या आमच्या कोथरूडच्या सोसायटीची गच्ची टाक्यांची, डिशच्या छत्र्यांची आणि कबुतरांची होती. माणूस वर जायचा तो नळाला पाणी का नाही हे बघायला, नाहीतर उन्हाळ्यात कुरडया घालायला. २५ मार्चला कोरोनामुळे देश बंद झाला आणि थोड्याच दिवसांत, उन्हं कलली की जिन्यावर चपलांचे आवाज येऊ लागले.

गच्चीवर चालणं हा प्रकारच वेगळा. सरळ चालताच येत नाही. टाकीला वळसा, पाण्याच्या पाइपवरून पाय उचलून पलीकडे, कठड्यापाशी वळण, पुन्हा टाकी. कोणी न ठरवताच सगळे देवळातल्यासारखे उजवी घालून फिरू लागले. एका कोपऱ्यात कुरडया वाळताहेत, दुसऱ्यात सूर्यनमस्कार चाललेत. दोरीच्या उड्यांवर मात्र वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी हरकत घेतली. त्यांच्या डोक्यावर धपाधप आवाज व्हायचा. मग दोरीची वेळ ठरली. एरवी ‘जरा पाय मोकळे करून येते’ म्हणून कधी एकट्या उंबरा न ओलांडलेल्या काकू रोज तासभर वर असायच्या. गच्ची घराबाहेर होती आणि घरातही होती. त्यामुळे कोणाला काही सांगावं लागत नव्हतं. मला वाटतं, त्या उन्हाळ्यात गच्चीचा खरा उपयोग त्यांनाच झाला.

धूर नव्हता. संध्याकाळी सिंहगडावरचा मनोरा असा स्पष्ट दिसायचा, की हात लांबवावा. खाली कर्वे रस्ता मेट्रोच्या अर्धवट खांबांखाली मोकळा पडलेला. इतका रुंद, इतका स्वच्छ रस्ता चालणाऱ्याला जन्मात मिळाला नव्हता, आणि नेमकी त्याच्यावरच चालायला बंदी. पहाटे फिरायला निघालेल्यांना पोलिसांनी भर चौकात उठाबशा आणि योगासनं करायला लावल्याच्या बातम्या यायच्या. व्यायामाला निघालेल्यांना शिक्षा म्हणून व्यायाम! हसू यायचं, पण बेतानंच.

कारण नदीपलीकडच्या भवानी पेठेत, आजूबाजूच्या पेठांत गल्ल्यांच्या तोंडाशी बांबू आणि पत्रे ठोकलेले होते. तिथल्या कितीतरी घरांना गच्चीच नाही. पत्रा आहे, आणि एप्रिलच्या पत्र्यावर पाय ठेवता येत नाही. पर्वतीच्या पायऱ्या आमच्यासारख्यांना बंद झाल्या म्हणून आम्ही हळहळत होतो. पण त्याच डोंगराच्या उतारावर जनता वसाहत आहे. तिथे भरलेली कळशी घेऊन बोळातल्या पायऱ्या चढणं महामारीआधीही होतं, महामारीतही राहिलं. त्याला कोणी फिटनेस म्हटलं नाही. आणि मुंबई-आग्रा महामार्गावरून पोरांना खांद्यावर घेऊन गावाकडे निघालेल्यांच्या पावलांची तर गोष्टच नको. त्या दिवसांत कोण किती चालला, हे त्याच्या मनाच्या निश्चयानं फारसं ठरलं नाही. पत्त्यानं ठरलं.

जूनच्या सुरुवातीला टाळेबंदी शिथिल करणारं राज्य सरकारचं ‘मिशन बिगिन अगेन’ आलं. पहाटे पाच ते संध्याकाळी सात, चालणं, पळणं, सायकल याला परवानगी. घोळका करायचा नाही, आणि शक्यतो जवळच्याच मोकळ्या जागेत जायचं. ‘जवळच्या’ या अटीनं शहरांचा नकाशाच उघडा पडला. मुंबईत दादरकराला जवळ शिवाजी पार्क होतं, चर्चगेटला राहणाऱ्याला मरीन ड्राइव्हचा समुद्र. धारावीतल्या माणसाच्या जवळ काय होतं? पुण्यात कोथरूडकर, डेक्कनकर या बाबतीत नशिबाचे. आम्हाला टेकडी होती.

वेताळ टेकडी पुन्हा पायाखाली आली तेव्हा पहिला पाऊस होऊन गेला होता. वाटेवर लाल माती, दगडांच्या खाचांत पाणी, गिरिपुष्पाच्या दाटीतून मोरांची ओरड. मास्कमधून दम लागायचा, चष्म्यावर वाफ धरायची. समोरून माणूस आला की दोघंही वाटेच्या कडेला सरकायचे आणि नुसत्या डोळ्यांनी नमस्कार करायचे. टेकडीवर नेहमी येणारे जुने लोक नव्या गर्दीवर किंचित नाराज असत. जिम बंद म्हणून आलेली तरुण मंडळी, अडगळीतून काढलेल्या सायकली, आईबापांच्या मागे रडतखडत चढणारी शाळकरी पोरं. जिम थेट दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला उघडल्या. तोवर यातल्या बऱ्याच जणांना टेकडीची चटक लागली होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये ‘ब्रेक द चेन’ म्हणत बागा आणि मैदानं पुन्हा बंद झाली, तेव्हा याच मंडळींचा जीव कासावीस झाला.

पुढे वेताळ टेकडीतून रस्ता आणि बोगदे काढण्याच्या बेताविरुद्ध २०२३ च्या एप्रिलमध्ये पुणेकर रस्त्यावर उतरले. टेकडी वाचलीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण टेकडी वाचवून आमचं भागतं. भवानी पेठेचं भागत नाही. तिथल्या माणसाला घरापासून पाच मिनिटांवर मैदान हवं, आणि ते दुपारी कुलूप न लागणारं हवं. विकास आराखड्यात अशा जागा मैदान, उद्यान म्हणून रंगवलेल्या असतात. तुमच्या प्रभागातली अशी एखादी जागा शोधा आणि आज तिथे काय उभं आहे, ते एकदा चालत जाऊन बघा.